साच्यातलं मंगलाष्टक

समर्थनगरातल्या भानुमतीबाईंना कुणी कवयित्री म्हटलं की त्या आधी "छे हो, कसली कवयित्री" म्हणायच्या आणि मग अर्धा तास त्याच विषयावर बोलायच्या. बोलू द्यावं. माणसाला एखादी गोष्ट बरी जमावी आणि चार लोकांनी तिला बरं म्हणावं, यात कुणाचं काही जात नाही. भानुमतीबाईंना मंगलाष्टकं जमायची.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्या ऑपरेटर होत्या, कानाला यंत्र लावून पैठणचा आवाज परभणीला जोडून द्यायच्या. नवरा श्रीनिवासराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. बोलणं मोजकं, तेही बहुतेक वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याशी. मुलगा शंतनू कामानिमित्त निम्मा महिना बाहेरगावी. सून सावनी क्रांती चौकाजवळच्या एका ऑफिसात. पहिलं मंगलाष्टक भानुमतीबाईंनी धाकट्या नणंदेच्या लग्नात लिहिलं आणि स्वतःच म्हटलं. ते असं जमून गेलं की भटजीबुवासुद्धा पोथी मिटून ऐकत राहिले. तेव्हापासून गावात कुणाकडे कार्य निघालं की निरोप यायचा, "भानूताई, आमच्या मुलीचं तेवढं तुम्ही बघा." घेणं काही नाही, फक्त खण-नारळ.

तेव्हाची त्यांची एक रीत होती. मंगलाष्टक लिहायचं ठरलं की त्या नवऱ्यामुलीच्या घरी जायच्या आणि म्हणायच्या, "मुलीची माहिती नंतर द्या. तिच्या दारात काय उगवतं ते आधी बघू द्या." मग अंगण असेल तर अंगणात, गच्ची असेल तर गच्चीवर अर्धा दिवस नुसत्या बसून राहायच्या. कुणाच्या दारात प्राजक्त असायचा, कुणाच्या गच्चीवर तुपाच्या डब्यात लावलेली तुळस. पडेगावात एका घरी बघायला काहीच नव्हतं, एक कडुनिंब आणि त्याच्याखाली बांधलेली शेळी. भानुमतीबाईंनी ती शेळी मंगलाष्टकात घेतली. मांडवात मुलीचे आजोबा आधी हसले आणि मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. परतताना सिटी बसमध्ये खिडकीशी बसलं की ओळी आपोआप यायच्या, वृत्तात बसूनच यायच्या. भानुमतीबाईंना त्याचं नवल वाटायचं नाही. आपल्याला देणगी आहे, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

पुढं गुडघे आले. गुडघ्यांच्या मागोमाग मोबाईल आला. कुणाच्या घरी जाणं राहिलं. नावं, गोत्र, आईबाप, सगळं फोनवर यायला लागलं. लग्नसराईत तर एका आठवड्यात चार-चार मागण्या. मग भानुमतीबाईंनी काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. एक साचा केला. कोकिळा, मोगरा, गोदावरी, पुनवेचा चंद्र, आईची माया, बाबांची करंगळी. नावं तेवढी बदलायची. साचा सुबक असला की मोदक सुबक दिसतो. आत सारण आहे की नाही हे खाणाऱ्यालाच कळतं. आणि मांडवात मंगलाष्टक खातंय कोण? लोक अक्षता टाकतात आणि जेवायला पळतात. तीन-चार वर्षं साचा चालला. टाळ्याही पडल्या. आत कुठंतरी भानुमतीबाईंना कळत होतं की आपल्याला नवीन ओळ सुचून फार दिवस झाले. पण कळणं आणि वळणं यांच्यात घाट असतो.

त्या उन्हाळ्यात सावनीनं एक मागणी आणली. तिच्या ऑफिसात नुकतीच लागलेली राजनंदिनी, दौलताबादची, शेतकरी घरातली. तिचं लग्न वैशाखात घाईनं ठरलं होतं. "आई, तिची फार इच्छा आहे. तिची आई फोन करेल तुम्हाला, आशाबाई म्हणून." फोन आला तेव्हा भानुमतीबाई साखरआंब्याच्या कैऱ्या किसत होत्या. फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला आणि किसत राहिल्या. पलीकडून आशाबाई बोलत होती, अडखळत, मध्येच थांबत. भानुमतीबाई मधूनमधून म्हणत होत्या, "हो... हो... बरं... हो हो." एक डोळा पाकावर होता, पाक एकतारी व्हायला आला होता. मुलीचं नाव राजनंदिनी, मुलाचं सुदर्शन, एवढं मनात ठेवलं. बापाचं नाव कृष्णा, तेही ठेवलं. पत्रिकेची वाट कशाला बघायची? संध्याकाळी साच्यात नावं घातली आणि काम झालं.

लग्न दौलताबाद रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. दुपारचा मुहूर्त, वैशाखाचं ऊन, मांडवाखाली मोठे पंखे गरगरत होते. एवढ्या मोठ्या घरचं लग्न, पण बँड नव्हता, सनई हळू लावलेली. भानुमतीबाईंना वाटलं, सोबर आवडणारी माणसं दिसतात. अंतरपाट धरला. त्यांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला. पहिली दोन कडवी छान गेली, त्यात गणपती होता आणि गोदावरी. मग तिसरं आलं:

बाबांची धरुनी करंगळि सदा दारात जी नाचली,
बाबांच्या नयनी पहा उसळली आनंदगंगा भली...

पहा म्हटलं की माणूस पाहतो. सगळ्या मांडवानं पाहिलं. राजनंदिनीच्या पाठीमागं, जिथं बापानं उभं राहायचं तिथं, तिचे थोरले चुलते तात्यासाहेब फेटा बांधून उभे होते. त्यांची मान खाली गेलेली. बाप कार्तिकात गेला होता. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, ही रीत. म्हणून ती घाई, म्हणून बँड नाही. हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकट्या माईकवाल्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांची नजर कागदावर होती, आणि आवडती ओळ दोनदा म्हणायची त्यांची सवय. त्यांनी ती दुसरी ओळ पुन्हा म्हटली, आळवून.

सावधान झालं तरी अक्षता पडल्या नाहीत. लोकांच्या मुठी तशाच राहिल्या. आणि अंतरपाटामागून एक हुंदका माईकमध्ये आला. भानुमतीबाईंनी वर पाहिलं. राजनंदिनीचे मुंडावळ्यांखालचे गाल भिजलेले होते आणि तिचा मामा तिचे खांदे धरून उभा होता. कुणीतरी भटजींना खूण केली. त्यांनी पुढची कडवी संस्कृतात उरकली आणि लग्न लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चूक म्हणून धकून गेलं असतं. चुकतो माणूस. पण जेवणाच्या आधी तात्यासाहेब स्वतः भानुमतीबाईंकडं आले. मोठा माणूस, गावात शब्दाला वजन, पण हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "काकू, एक इचारायचं व्हतं. आमचा किसना गेलेला हाय, हे तुमाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

त्या क्षणी भानुमतीबाईंच्या तोंडात दोन उत्तरं होती. त्यांनी दुसरं दिलं.

"नाही हो. मला कोणी सांगितलंच नाही. आशाबाईंशी बोलणं झालं होतं, पण त्यांनी असं काही... मी असं म्हटलं असतं का?"

तात्यासाहेबांनी मान डोलावली. "तुमची चूक नाय, काकू. आमच्याच माणसाची हाय." आणि वळले. त्यांच्या मागं, मांडवाच्या खांबाशी, पांढुरक्या लुगड्यातली एक बाई उभी होती. तिनं भानुमतीबाईंकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती आशाबाई होती हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. वरून खण-नारळ मिळाला, आग्रह करकरून जेवायला वाढलं. भानुमतीबाईंनी ताट अर्धं टाकलं.

घरी आल्यावर त्यांनी हीच गोष्ट सांगितली. शेजारी सांगितली, भिशीत सांगितली, शहागंजात बांगड्या घेताना भेटलेल्या जुन्या मैत्रिणीला सांगितली. "अहो, मला सांगायला नको का त्या बाईनं?" दरवेळी सांगताना गोष्ट जरा जास्त गुळगुळीत होत गेली. मनाला सांगितलं, फोन नीट लागत नव्हता. मग सांगितलं, ती बाई बोलली असेलही, पण स्पष्ट नाही बोलली. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जोडून देणारी बाई, तिला हे पटायला किती वेळ लागणार? पटलं. निदान दिवसा पटायचं.

आषाढात एकदा सावनी ऑफिसातून आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. "आई, राजनंदिनी आज रडत होती. तिच्या आईला तात्यासाहेब सगळ्या भावकीत बोलले म्हणे. तुला नवरा गेल्याचंही धड सांगता येईना, माझ्या भावाचं भर मांडवात हसं केलंस. तेव्हापासून ती माउली थोरल्या घरी पाऊल टाकत नाही. शेतातच राहते." मग तिनं सासूबाईंकडं पाहिलं. "आई, तुम्हाला खरंच सांगितलं नव्हतं ना त्यांनी?"

"नव्हतं," भानुमतीबाई म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली नसतानाही उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर लिहिणं बंद पडलं. श्रावणात एका ओळखीच्या घरचं साखरपुड्याचं आमंत्रण आलं, चार ओळी हव्या होत्या. भानुमतीबाई कागद घेऊन बसल्या. कोकिळा लिहिलं, खोडलं. मोगरा लिहिला, खोडला. करंगळीशी आल्या आणि पेन ठेवून दिलं. साचासुद्धा हातातून गेला. त्यांना स्वतःच्या अक्षराची शिसारी यायला लागली. झोप उडाली. उगाच सुनेवर डाफरायच्या, मग उगाच तिच्या आवडीची थालीपीठं करायच्या. श्रीनिवासराव कोड्यातून डोकं वर काढून बघायचे आणि परत कोड्यात जायचे.

सावनीला वाटलं, सासूबाई थकल्यात. आजकालची पोर, तिनं उपाय शोधून काढला. "आई, तुम्ही निसर्गात जात जा. मन शांत झालं की सुचतं. मी वाचलंय. हिमायत बागेत जा सकाळी, फोन घरी ठेवून." भानुमतीबाईंना हसू आलं. निसर्गात जा, जसं काही निसर्ग म्हणजे टपाल ऑफिस. पण घरात बसून तरी काय होत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून त्या दिल्ली गेटपाशी उतरल्या.

हिमायत बागेत सकाळी अर्धं शहर फिरायला येतं. एक कंपू गोल उभा राहून मोठमोठ्यानं हसत होता, आरोग्यासाठी. भानुमतीबाई त्यांच्यापासून लांब, जुन्या आंब्यांच्या झाडीत, एका ओबडधोबड मुळावर जाऊन बसल्या आणि कामाला लागल्या. म्हणजे झाडाकडं बघायला लागल्या. आम्रतरू म्हणावं की रसाल? पोपटांचा थवा गेला. शुक म्हटलं तर वृत्तात बसेल. असं पहिले काही दिवस चाललं. झाड, पाखरू, मुंगी, जे दिसेल त्याची मान धरून ओळीत बसवायला बघायच्या, आणि त्यातलं एकही बसायचं नाही. झाडाला काय पडलंय? ते आपलं उभं.

मग केव्हातरी त्या कंटाळल्या आणि नुसत्या बसायला लागल्या. वाळक्या फांदीवर एक तांबट टुक् टुक् करत असायचा, आपल्या कामात. खाली पाचोळ्यात काळ्या मुंगळ्यांची ये-जा. झाडांतून ऊन हळूहळू सरकत पायाशी यायचं, मग गुडघ्यावर. भानुमतीबाईंनी त्याला काही म्हटलं नाही. उलट कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. घरी जाऊन दुपारी गाढ झोप लागली. सावनी खूश झाली. भानुमतीबाईही खूश झाल्या. आता सुचणार, असं त्यांना वाटलं.

सुचलं ते वेगळंच. एके सकाळी मन असं निवांत झालेलं असताना, तांबटसुद्धा थांबलेला असताना, त्यांना आशाबाईचा आवाज आला. लख्ख. जन्मभर आवाजांचं काम केलेला कान तो. त्यानं सगळं ऐकून ठेवलं होतं. मन किसणीवर होतं, कान जागचा हलला नव्हता.

"काकू, राजूचे बाबा आता नायत. कार्तिकात गेले. पण त्यांनी माळावर कातळ फोडून सीताफळाची बाग लावली, लोक हसायचे त्यांला. पोरीचं म्हणणं हाय, बाबांचं नाव घेऊ नका, तिला रडू यील. बागेचं नाव घ्या म्हणती. एवढं बसल का, काकू, तुमच्या गाण्यात?"

आणि त्यावर त्यांचा स्वतःचा आवाज: "हो हो."

भानुमतीबाई मुळावरून उठल्या आणि एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. हसणाऱ्या कंपूतल्या एका गृहस्थांनी पाणी हवं का विचारलं. त्यांनी नको म्हटलं. लाज म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. मांडवात वाटली होती ती फजिती होती. ही लाज होती. तिथं बघणारं कुणी नव्हतं तरी तोंड लपवावंसं वाटत होतं. त्या पोरीनं काय मागितलं होतं? एक बाग. आणि ती पूर्वीच्या भानूताईंनी न मागता दिली असती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बागेत जायचं बंद केलं. सकाळपासून टीव्ही लावून बसायच्या, आवाज मोठा करून. श्रीनिवासरावांनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी पेन्सिल खाली ठेवली.

"भानू, बागेत जात नाहीस?"

"तिथं फार शांत असतं," भानुमतीबाई म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडं बघितलं. पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार. रिमोट घेऊन टीव्ही बंद केला, बस्स. मग घरात जी शांतता झाली तीही भानुमतीबाईंना सोसली नाही. त्यांनी साडी बदलली, मध्यवर्ती बसस्थानकावर गेल्या आणि खुलताबादच्या गाडीत बसल्या.

भाद्रपद संपत आला होता. दौलताबादला उतरून किल्ला पाठीशी टाकला की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता माळावर चढतो. विचारत विचारत, गुडघ्यांना शिव्या देत, त्या आशाबाईच्या शेतात पोचल्या. आशाबाई नव्हती. एक मजूर बाई म्हणाली, "माल घिऊन गाडीसंगं गेलीया. यील आता. बसा झाडाखाली."

भानुमतीबाई बसल्या. आजूबाजूला काळा कातळ, आणि त्या कातळातच खड्डे फोडून लावलेली झाडं, माणसाच्या डोक्याइतकी उंच, पसरलेली. सीताफळं तयार होत आली होती. डोळे उघडून मधल्या फटी पांढुरक्या दिसत होत्या. वारा आला की जाड पानं खालीवर व्हायची. माळ सगळा तापलेला होता आणि या झाडांखाली मात्र गार होतं. भानुमतीबाईंना वाटलं, हा माणूस आपण पाहिलासुद्धा नाही, आणि त्याच्या सावलीत बसलोय. त्यांना रडू आलं. बराच वेळ आलं. आणि डोळे पुसून पुन्हा झाडांकडं बघितलं तेव्हा, काही न मागता, काही न धुंडाळता, पूर्वी सिटी बसमध्ये यायची तशी ओळ आली. तिच्या पाठोपाठ दुसरी आली:

ज्यांनी कातळ फोडुनी फुलविले हे रान माळावरी,
गेले ते, परि पान पान अजुनी त्यांचीच छाया धरी...

भानुमतीबाई ताठ बसल्या. ओठांतल्या ओठांत परत म्हणून पाहिलं. कुठं अडत नव्हतं. किती वर्षांनी? त्यांचं अंग मोहरून गेलं. आणि खरं सांगायचं तर, आपण इथं कशाला आलो होतो, हे त्या तेवढ्या वेळापुरतं विसरल्या. विसरल्या म्हणण्यापेक्षा त्यांना वाटलं, आता ते सांगायची गरजच काय? या दोन ओळी देऊ. यात सगळं आलं. असली ओळ ऐकल्यावर कोण जुनं उकरत बसेल? मन कसं लबाड असतं बघा; झाडाखाली निवलं तरी लबाडच.

आशाबाई रिकाम्या क्रेटांच्या गाडीतून उतरली. पाहुणी ओळखली. पदर सारखा केला, "या काकू" म्हणाली, पाण्याचा तांब्या पुढं केला. समोर पालथ्या क्रेटवर बसून राहिली.

"आशाबाई, मी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय," भानुमतीबाई म्हणाल्या, आणि त्या दोन ओळी चालीवर म्हटल्या. आवाज छान लागला. माळावर दूरपर्यंत गेला.

आशाबाईनं ऐकलं. तिची नजर झाडांवर गेली, तिथंच राहिली. मजूर बाईही हातातलं काम थांबवून बघत होती. आशाबाई म्हणाली, "लई चांगलं हाय, काकू. अगदी असंच पायजे व्हतं पोरीला."

भानुमतीबाईंचा चेहरा उजळला.

"पण लगीन होऊन गेलं की, काकू."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. भानुमतीबाईंचा हात तांब्यावर होता तो तिथंच राहिला. मंगलाष्टक काही परत म्हणता येत नाही. अंतरपाट एकदाच धरतात. जगातली उत्तम ओळ आणली तरी ती आता नुसती ओळ होती, आणि ती घेऊन त्या एका विधवेच्या दारात शाबासकी मागायला बसल्या होत्या. एवढी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"आशाबाई," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज लागला नाही, "तुम्ही मला सगळं सांगितलं होतं. मी हो हो म्हणत होते, माझं लक्ष नव्हतं. आणि मग मांडवात मी खोटं बोलले. तुमच्यावर ढकललं."

"मला काय सांगता काकू ते?" आशाबाई म्हणाली. "फोनवर मीच व्हते. खांबापाशीबी मीच व्हते."

"मला माफ..."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. सांगायचं तर जिथं खोटं सांगितलं तिथं सांगा. तात्यासाहेब घरीच असत्यात या वक्ताला."

भानुमतीबाईंच्या मनात आलं, फोन करून सांगू. सावनीकडून निरोप पाठवू. उद्या येऊ, श्रीनिवासरावांना घेऊन. हे सगळं येऊन गेलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "घर दाखवता?" त्यांनी विचारलं. आशाबाई पुढं चालायला लागली.

तात्यासाहेबांच्या ओसरीवर दिवाणावर स्वतः तात्यासाहेब, शेजारी भावकीतले दोघं-तिघं, चहाच्या कपबशा. दारात तात्यासाहेबांची बायको. काकूंना बघून तात्यासाहेब लगबगीनं उठले, "या, या" म्हणाले. मागं आशाबाई दिसली तसे थांबले. आशाबाई पायरीच्या खालीच उभी राहिली. मांडव उठल्यापासून तिनं ती पायरी चढली नव्हती.

भानुमतीबाई बसल्या नाहीत. त्यांना कुठल्याही सभेत चार शब्द बोलायला सांगा, सुरुवातीलाच सुभाषित टाकायच्या. आज एकही आठवलं नाही.

"तात्यासाहेब, मी तुम्हाला खोटं सांगितलं. यांनी मला सांगितलं होतं. किसनराव गेल्याचं सांगितलं, बागेचं सांगितलं, सगळं सांगितलं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती आणि मी ती यांच्यावर घातली."

तात्यासाहेबांच्या कपाळावरची शीर हलली. त्यांना काकूंवर रागवायचं होतं, पण पाहुणी बाई, वयानं मोठी, पायरीवर उभी, जीभ रेटेना. मग त्यांनी मान वळवून भावजयीकडं पाहिलं, आणि राग निघाला तो जुन्याच वाटेनं निघाला.

"मग आशाबाई, भावकीत एवढं मी बोललो तुला, तवाच काहून नाय सांगितलं?"

आशाबाईनं पदर खांद्यावर घेतला.

"मला इचारलं कुणी?" ती म्हणाली. "तुमी काकूंना इचारलं."